धक्क्यावर आई

आईला समुद्र दाखवायचा, हे आमचं ठरलं
तिच्या औषधांच्या खर्चावरून झालेलं भांडण मिटलं त्या रात्री.
शिवुतेनं गाडी काढली, मी दोन रात्रींची खोली घेतली,
आणि आईनं, नको नको म्हणत असताना,
बाजरीच्या पिठाची पिशवी बांधली.
"तिकडे काय खातात कोण जाणे."

विंडहुक सोडलं तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत.
ओकाहांजा, कारिबिब, उसाकोस.
झाडं खुजी झाली, मग झुडपं, मग तीही नाहीत.
नुसती सपाट जमीन, भाजलेल्या मडक्याच्या रंगाची.
आई पुढच्या सीटवर, चपला काढून मांडीवर घेतलेल्या.
एकदाच म्हणाली, "इथे गुरं काय खातात?"
"गुरंच नाहीत, आजी," पंदुलेनी म्हणाला.
तिनं मान हलवली,
मुलखाबद्दलचं मत पक्कं केलं
आणि डोळे मिटले.

अरांदिसच्या पुढे धुक्यानं गिळलं आम्हाला.
भर दुपारी रस्त्यावरचे दिवे पेटलेले,
आणि घरांच्या छपरांना पन्हाळी नाहीत,
पाऊसच नाही तर कशाला.

खोलीवाल्या फ्राउ हानेलोरेनं खिडकी उघडून हात केला,
"समोर बघा, समुद्र."
समोर कुणी चुना फासून ठेवलेला.
"सकाळी निवळेल," ती म्हणाली,
खोल्या भाड्यानं देणारे म्हणतात तसं.

सकाळी निवळलं नाही.

धक्क्यावर गेलो. पायांखाली फळ्या,
फळ्यांखाली आवाज.
आई कठडा धरून उभी राहिली, शाल कानांवर ओढून.
"हा तो?"
"हो."
"दिसत नाही."
"धुकं आहे, मेमे."
"ऐकू येतोय."
आणि मग तासभर काहीच नाही.
पंदुलेनीनं दोनदा विचारलं, जाऊया का,
शिवुतेनं त्याला केकच्या दुकानात पाठवलं.

इथून अर्ध्या तासावर वाल्विस बे.
बाबा तिथल्या मासळीच्या कारखान्यात
दीड-दीड वर्षाच्या करारावर यायचे.
बायकोला सोबत आणायला बंदी होती.
करार संपला की गावी, पेरणी, छपराची डागडुजी,
आणि पुन्हा नवा करार.
शिवुते एका कराराच्या शेवटचा, मी दुसऱ्याच्या.
मधले दोन राहिले नाहीत.
पत्रात समुद्र एका ओळीत असायचा:
इथे गारठा आहे, आवाज फार आहे, पैसे पाठवलेत.
ते वाचून दाखवायला पाद्रीबाबांकडे जावं लागायचं,
आणि आई म्हणायची, परत वाचा,
आवाजाचं तेवढं परत वाचा.

"रात्री असेच खोकायचे," ती एकदम म्हणाली.
"खोल जायचं, थांबायचं, परत यायचं.
मी लसूण चोळायची छातीवर. तेल, राख.
मला वाटायचं, आजार आहे."
कठड्यावरचं पाणी तिनं बोटानं पुसलं,
बोट जिभेला लावलं,
तोंड वाकडं केलं, आणि हसली.
बाबा गेल्यानंतर असं हसलेली
मी पाहिली नव्हती.

संध्याकाळी फ्राउ हानेलोरेच्या चुलीवर
तिनं बाजरीचं घट्ट पीठ घाटलं.
हानेलोरे आधी चमच्यानं, मग हातानं जेवली.

रविवारी निघालो तेव्हाही तेच पांढरं.
वाटेत थांबलो. पंदुलेनीनं बाटलीतलं पाणी
काळ्या, मेल्यासारख्या दगडफुलांवर ओतलं.
ती उलगडली, हिरवी झाली.
आई वाकून बघत बसली, बाटली संपेपर्यंत.

तेवढ्यात मागे धुकं फाटलं.
शिवुते आरशात बघून ओरडला,
"मेमे, दिसला! मागे बघ, दिसतोय!"
आई चपला झटकत गाडीत बसली.
"चल. उशीर होईल."

मी वळणार होते.
मग तिच्या मानेकडे बघत राहिले,
शालीला चिकटलेल्या मिठाच्या बारीक कणांकडे.
किती मोठा होता,
हे शिवुतेला मी अजून विचारलेलं नाही.